आधी टाकी बघा

आमच्या दादाची पिकअप पिकअप घेईनाशी झाली आहे, ही बातमी मला पुण्यात फोनवर समजली तेव्हा मी चक्क हसलो. शब्दांची ती गंमत मला आवडली होती. दादाला मुळीच आवडली नाही. "इथं झाडं जळायला लागलीत अन् तुला कोट्या सुचतात!" असे म्हणून त्याने फोन ठेवून दिला.

तो का चिडला हे समजायला ते वर्ष आठवावे लागेल. २०१२ चा पावसाळा आमच्या जालना जिल्ह्याला पार दगा देऊन गेला. २०१३ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा नाथसागर तळाला गेला, गावोगावच्या विहिरींत नुसते कातळ दिसू लागले आणि एरवी 'जालना सोने का पालना' म्हणून मिरवणाऱ्या शहरातली माणसे घागरी घेऊन रांगेत उभी राहिली. माणसांची ही तऱ्हा, तर झाडांची काय सांगावी? अंबड, घनसावंगी, बदनापूर हा सारा भाग मोसंबीचा. मोसंबीचे झाड लावल्यापासून हाती फळ यायला पाच-सहा वर्षे लागतात. म्हणजे एका उन्हाळ्यात बाग जळाली की शेतकऱ्याच्या आयुष्याची पाच-सहा वर्षे जळाली. त्या साली कित्येकांनी आपल्या हाताने बागांवर कुऱ्हाड चालवली आणि सरपण म्हणून लाकूड विकले. ज्यांना ते धाडस झाले नाही, ते कुठून कुठून पाणी आणून झाडे नुसती जिवंत ठेवण्याच्या खटपटीला लागले.

दादा त्या दुसऱ्या जातीतला. त्याची ३१० झाडे. फळाची आशा त्याने केव्हाच सोडली होती. पण झाड मरू द्यायचे नाही असा हट्ट धरला होता. त्याच्याकडे एक जुनी, तिसऱ्या हातची डिझेल पिकअप होती. तिच्या पाठीवर त्याने हजार लिटरची काळी प्लास्टिकची टाकी बांधली. शहागडच्या बाजूला, गोदाकाठच्या एका विहिरीला अजून पाणी होते. तिथून आमचे शेत १४ किलोमीटर. दिवसाला पाच खेपा. झाडाला जेमतेम तीस लिटर पाणी मिळे, आणि दोन दिवसांत बाग कशीबशी एकदा ओली होई. ती गाडी एक दिवस बंद पडली, की ओळीच्या शेवटच्या झाडांची पाने वळायला लागत.

गाडी चालवायला वस्तीवरचा एक पोरगा होता. वय असेल वीस-बावीस. बोलणे कमी, काम चोख. सकाळी पाचला यायचा आणि रात्री टाकी धुऊन घरी जायचा.

आता माझा या प्रकरणातला भाग सांगतो. डिझेलचा भाव त्या वेळी लिटरमागे पन्नास रुपयांच्या पुढे गेला होता आणि उभ्या गाडीतून डिझेल काढून नेण्याच्या गोष्टी दादा फोनवर सांगायचा. तेव्हा जानेवारीत संक्रांतीला गावी जाताना मी तिळगुळाच्या डब्याबरोबर पुण्याहून एक कुलपाचे झाकण नेले. गाडीच्या डिझेलच्या टाकीला बसणारे, चकचकीत, आत जाड रबर असलेले, किल्लीने उघडणारे झाकण! माझ्या हातून गाडीची झालेली ही पहिलीच सेवा. जुने, गंजलेले झाकण वहिनींनी अडगळीत टाकले, नवे बसले, आणि किल्ली दादाच्या करदोट्याला लटकली. पोराला डिझेल भरायला हायवेवर पाठवायचे तेव्हाच ती त्याच्या हाती जाई.

दुखणे फेब्रुवारीत सुरू झाले. सकाळी गाडी अर्ध्या सेल्फात सुरू व्हायची. रिकामी जाताना ठणठणीत. पाणी भरून परतताना मात्र शेताअलीकडच्या लांब चढावर ती दमायची. पोराने पाय दाबला तरी वेग वाढत नसे. मग दोन-चार आचके, आणि बंद. दहा-पंधरा मिनिटे नुसते बसून राहायचे, मग ती आपण होऊन सुरू व्हायची, जणू काही झालेच नाही. गावातल्या मिस्त्रीने फिल्टर बदलला, मग पुन्हा बदलला. गुण नाही. दादाच्या लक्षात एक गोष्ट मात्र आली. हा त्रास डिझेल भरले त्या दिवशी सर्वांत जास्त व्हायचा. टाकी रिकामी होत आली की गाडी सुतासारखी सरळ. पुन्हा भरले की पुन्हा तेच.

"म्हणजे डिझेलातच गडबड आहे," दादा मला म्हणाला. आणि डिझेल भरायला जाणारा कोण?

मी गुढीपाडव्याच्या दोन दिवस आधी गावी पोहोचलो. ११ एप्रिलचा पाडवा होता. संध्याकाळी पोरगा टाकी धूत होता. मला पाहून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, त्या झाकणाचं बघा जरा. उघडलं का फुस्स करतंय. अन् परवा मालकानं किती डिझेल हाय ते बघायला उघडलं, तर गाडी लगेच चालू झाली."

मला माझ्या झाकणाचा अभिमान. मी म्हटले, "अरे, घट्ट बसतं म्हणून आवाज येतो. चांगल्या झाकणाचं लक्षणच ते!"

दादा ओट्यावरून ऐकत होता. तो म्हणाला, "आता काय झाकणावर गाडी चालती व्हय रे? डिझेलावर चालती. अन् डिझेल तू भरतो."

पोरगा गप्प झाला. वाचकहो, या संभाषणाला अर्धे मिनिटसुद्धा लागले नसेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी एका मोठ्या गावातल्या पंप-नोझलच्या दुकानात नेली. गावाचे आणि दुकानाचे नाव सांगत नाही; सांगण्यासारखा त्यांचा गुन्हाही नाही, त्यांनी बांधलेला तर्क ऐकायला अगदी रास्त होता. डिझेल गाडीचा पंप म्हणजे फार नाजूक कारागिरी. पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. हवा इतकी दाबायची, की ती दाबानेच लालबुंद तापते, आणि नेमक्या त्या क्षणी तीत डिझेलचा फवारा मारायचा. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये ऑग्सबर्गला आपले इंजिन चालवून दाखवले तेव्हा हा फवारा मारायला त्याला दाबलेल्या हवेचे वेगळे लटांबर लागले होते. पुढे श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून १९२७ पासून तयार पंप बाहेर पडू लागले आणि डिझेल इंजिन लॉरीच्या नाकाखाली मावू लागले. आपल्याकडे १९५१ मध्ये बंगलोरला मायको कंपनी निघाली. ती पुढे नाशकातही आली आणि २००८ मध्ये तिचे नाव बॉश झाले. जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडचा 'मायको' शब्द मात्र अजून गेलेला नाही.

त्या पंपाचे काम ऐकून मी तर थक्कच झालो. आमच्या गाडीचा पंप रोटरी जातीचा, म्हणजे एकाच डोक्यातून चारही सिलिंडरना वाटप करणारा. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर हे डोके मिनिटाला ४,००० वेळा डिझेल मोजून देते. प्रत्येक वेळचा वाटा भर ओझ्यावरसुद्धा ज्वारीच्या दाण्याएवढा! आणि तो शेकडो पट दाबाने. एवढ्या दाबात गळती होऊ नये म्हणून आतल्या सरकत्या भागांमधली फट दोन-चार मायक्रॉनची ठेवलेली असते. माणसाच्या केसाच्या जाडीत तशा वीस-पंचवीस फटी सहज मावतील. बरे, या भागांना वेगळे वंगण नाही. डिझेल हेच त्यांचे वंगण. त्यात रॉकेल मिसळले, की वंगण पातळ होते आणि पंप झिजतो.

दुकानदाराने एवढे सगळे सांगून विचारले, "गाडी तापल्यावर बंद पडते ना? लगेच चालू होत नाही ना? मग पंप गेला. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटीतून निसटतं, फवारा बसत नाही. थंड झालं की पुन्हा चालते." खर्च १८,००० रुपये आणि पाच दिवस. जाता जाता त्याने आणखी एक वाक्य टाकले, "रॉकेल पडत असेल टाकीत. बघा, कोण भरतं ते."

रेशनचे रॉकेल त्या वेळी डिझेलच्या निम्म्याहूनही स्वस्त होते. दादाच्या मनात जे घोळत होते त्यावर शिक्का बसला. परत येताना तो गाडीत एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर त्याने पोराचा हिशेब केला, पैसे हातावर ठेवले आणि चार माणसांदेखत सांगितले, "उद्यापासून येऊ नको. डिझेलात रॉकेल मिसळणारा माणूस मला नको." पोराने पैसे मोजले नाहीत. तसाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी पाडवा. गुढी उभारली, पण श्रीखंड कोणाच्या घशाखाली उतरेना. १८,००० रुपये म्हणजे वहिनींच्या पाटल्या सराफाकडे जाणार होत्या. त्याहीपेक्षा ते पाच दिवस वाईट होते. पाच दिवसांत बागेचे काय राहिले असते?

अंबडच्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे जाण्याची कल्पना आईची. माझ्या वडिलांच्या काळी विहिरीवर किर्लोस्करांचे इंजिन होते. १९४६ पासून पुण्यात होऊ लागलेली ही इंजिने मराठवाड्याच्या विहिरींवर कुठे दिसत नसत? त्यांचा तो 'टुक् टुक्' आवाज ऐकत आमच्या पिढीचे बालपण गेले. आमचे इंजिन रुसले, की उस्तादांना बोलावणे जाई. आता ते सत्तरी ओलांडलेले. कडुनिंबाखाली पत्र्याची एक पेटी, पाने आणि चहाची किटली घेऊन बसायचे. मोठ्या गाड्या त्यांच्याकडे येईनाशा झाल्या होत्या. आई म्हणाली, "पैसे खर्चायचे ते खर्चा, पण आधी चाचांना दाखवा."

उस्तादांनी बॉनेट उघडलेच नाही. चहा मागवला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. डॉक्टर नाडी बघतात तसे.

"बंद पडताना धूर कोणता?"

दादा म्हणाला, "धूर काहीच नाही."

"काळा नाही?"

"नाही."

"सफेद?"

"तोही नाही."

उस्ताद मान हलवत म्हणाले, "काळा धूर म्हणजे डिझेल जास्ती, हवा कम. सफेद म्हणजे डिझेल कच्चंच बाहेर पडतंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. धूर नाही अन् ताकदही नाही, म्हणजे गाडी उपाशी आहे. उपाशी घराच्या चुलीतून धूर कुठून निघणार, साहेब?"

मग त्यांनी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घेतले आणि बाटली उन्हात धरली. पाणी असते तर खाली थर बसला असता. तसे काही नव्हते. दोन बोटांत चोळून त्यांनी वास घेतला. "रॉकेल बोटावर सुकं लागतं. हे तेलकट आहे." दादाने माझ्याकडे पाहिले आणि नजर वळवली. बोटांचा पुरावा काही शेवटचा नव्हे, पण आमच्या दोघांच्या पोटात त्याच वेळी काहीतरी हलले असावे.

यानंतर उस्तादांनी पंपाकडे जाणाऱ्या नळीत हातभर पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. गाडी सुरू केली. नळीतून डिझेल वाहू लागले आणि थोड्या वेळाने त्यात बारीक बुडबुडे दिसले. "हवा घेती आहे!" दादा ओरडलाच. डिझेलच्या वाटेत हवा शिरली की काय होते हे आमच्या भागात शेतकऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही; इंजिनाची हवा काढता काढता आमचे हात काळे झालेले. डिझेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते, आणि पंप नुसता हवेशी खेळत बसतो. उस्तादांनी जोडावरचे तांब्याचे दोन वायसर बदलले, नळीची क्लिप आवळली, फिल्टरवरच्या हातपंपाने हवा काढली. ६० रुपये झाले. आम्ही आनंदाने परतलो. संध्याकाळी दोन खेपा बिनबोभाट झाल्या. पंपवाल्याच्या १८,००० रुपयांवर मी रात्री जेवताना दोन-तीन विनोदही केले.

दुसऱ्या दिवशी दादाने टाकी गच्च भरली, आणि दुसऱ्याच खेपेला गाडी त्याच चढावर बंद पडली.

खरे सांगायचे तर अशा वेळी माणूस पंप काढून मोकळा होतो. दादाही त्याच विचाराला आला होता. मी मोटारसायकलवर उस्तादांना घेऊन आलो. आपण बदललेल्या वायसरने गुण आला नाही याचा त्यांना जरासुद्धा राग आला नव्हता. उलट डोळ्यांत चमक दिसली. "ठीक झाली होती, पुन्हा बिघडली. मधे काय केलं?"

"काही नाही. डिझेल भरलं फक्त."

"हूं," म्हणून त्यांनी ओला फडका मागितला आणि तो पंपाच्या डोक्यावर गुंडाळला. तापून पातळ झालेले डिझेल निसटत असेल, तर पंप गार केल्यावर गाडी लगेच सुरू व्हायला हवी. आम्ही सेल्फ मारला. नाही झाली. पंपवाल्याच्या तर्काला तिथे पहिली चीर गेली.

मग त्यांनी पेटीतून पाच लिटरचा एक डबा काढला. त्याच्या तळाला तोटी बसवलेली. डब्यात स्वच्छ डिझेल ओतले, डबा खिडकीजवळ उंचावर बांधला आणि त्याची नळी थेट पंपाला जोडली. गाडीची मूळ टाकी, तिची नळी, फिल्टर, सारे बाजूला. "आता पंप अन् डबा, दोघंच. पंप चोर असेल तर इथंही चोरी करील." हजार लिटर पाण्यासह गाडी निघाली आणि तो चढ तिने तिसऱ्या गिअरवर असा घेतला, की दादाच्या डोळ्यांत पाणी आले. एकदा नव्हे, उस्तादांनी ती खाली नेऊन पुन्हा वर आणायला लावली. पंप निर्दोष सुटला. आता शोध मागे न्यायचा होता, पंपापासून टाकीपर्यंत.

त्यांनी डबा काढला आणि सगळे जसेच्या तसे जोडले. गाडी दोन किलोमीटर नेली. ती आचके देऊन थांबली. उस्ताद खाली उतरून टाकीजवळ बसले आणि झाकणावर नखाने टकटक केले.

"किल्ली?"

दादाने करदोट्याची किल्ली दिली. झाकण फिरले आणि स्पष्ट आवाज आला. फुस्स.

हवा बाहेर आलेली नव्हती. आत शिरली होती. मला माझेच वाक्य आठवले: चांगल्या झाकणाचे लक्षणच ते. उस्ताद म्हणाले, "मारा सेल्फ." गाडी सुरू झाली. त्यांनी झाकण पुन्हा कुलूप लावून बंद केले आणि दादाला पुढे जायला सांगितले. चढाच्या तोंडाशी गाडी बंद पडली. झाकण उघडले, सुरू झाली. तिसऱ्यांदाही त्यांनी तेच केले. दादा म्हणाला, "चाचा, समजलं की आता!" ते म्हणाले, "दुखणं बोलावल्यावर येतं अन् पाठवल्यावर जातं, तेव्हाच खरं समजलं."

प्रकार असा होता. घरोघरच्या वाचकांना तो एका उदाहरणाने कळेल. गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडले, तर तेल अडखळत पडते. म्हणून वाणी समोरच्या कोपऱ्यात दुसरे भोक पाडतो. तेल जाते तिथे हवा यावी लागते. गाडीच्या झाकणालाही त्यासाठीच एक बारीक वाट ठेवलेली असते. जुन्या गंजक्या झाकणाला ती होती. मी आणलेल्या झाकणात जाड रबर होते, वाट नव्हती. पंप डिझेल ओढत राही, आत हवा येत नसे, आणि टाकीत ओढ निर्माण होई. शेवटी टाकीची ओढ पंपाच्या ओढीला भारी पडे. पंधरा मिनिटांत कुठल्यातरी फटीतून थोडी हवा आत झिरपली, की गाडी पुन्हा तयार. नळीतले बुडबुडेही याच ओढीने जोडातून शिरत होते. आदल्या संध्याकाळी वायसरमुळे गुण आला असे वाटले, त्याचे कारण दुसरेच. त्या दिवशी उस्तादांनी डिझेल आहे का ते पाहायला झाकण एकदा उघडले होते!

आणि भरल्या टाकीला त्रास जास्त का? हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर उमगले. ५५ लिटरची टाकी गच्च भरली, की वर हवेला जागा राहते चार-पाच लिटरची. त्यातून दोन लिटर डिझेल गेले, की तेवढ्याशा हवेला एकदम दीडपट पसरावे लागते. ती लगेच विरळ होते. टाकी अर्ध्याहून रिकामी असेल, तर तीस-चाळीस लिटर हवेला दोन लिटरचे काहीच वाटत नाही. म्हणजे दादाचे निरीक्षण शंभर टक्के खरे होते. डिझेल भरल्या दिवशीच गाडी बंद पडत होती. त्या एका खऱ्या निरीक्षणावर आम्ही एका पोराला रॉकेलचोर ठरवले होते.

आता २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ च्या गाड्या आल्या आहेत. त्यांत रोटरी पंपाऐवजी कॉमन रेल असते. दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. मिस्त्री संगणकाची केबल लावून 'मागितलेला दाब किती आणि मिळाला किती' हे पडद्यावर वाचतो. या गाड्यांचे जाड नळीचे नट चालू इंजिनात कोणी चुकूनही सैल करू नयेत. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते. इंजेक्टर सुस्त आहेत की पंप, हे तिथे परतीच्या नळ्यांना बाटल्या लावून, कोणती लवकर भरते ते पाहून ठरवतात. पण पडद्यावर दाब कमी दिसला, एवढ्यावरून पंप दोषी ठरत नाही हे तिथेही तितकेच खरे. तुंबलेला फिल्टर, पाणी, चेपलेली नळी, बंद झालेली टाकीची वाट, सगळ्यांचा आकडा पडद्यावर तोच येतो. माझ्या एका मित्राची नवी मोटार गेल्या वर्षी अशीच अडली, तेव्हा मी त्याला पहिला प्रश्न झाकणाचा विचारला. तो हसला. त्याच्या गाडीत फिल्टर तुंबला होता. माझे झाकणाचे वेड त्याने अजून विसरू दिलेले नाही.

जुने झाकण वहिनींनी अडगळीतून शोधून काढले. रॉकेलमध्ये बुडवून, तारेने त्याची वाट मोकळी केली. दादा दिवसभर त्या झाकणाशी काहीतरी करत राहिला. रात्री म्हणाला, "तू जा त्याच्याकडं. तू बोल."

मी म्हटले, "झाकण मी आणलं होतं, म्हणून?"

"नाही. मला जमायचं नाही, म्हणून."

पोरगा आता एका पाण्याच्या टँकरवर लागला होता. मी त्याला विहिरीजवळ गाठले. घडले ते सगळे सांगितले, झाकणाचे, फुस्सचे, माझ्या उत्तराचेही. तो टँकरच्या चाकाला टेकून ऐकत होता. मी म्हटले, "परत ये. दादानं सांगितलंय."

तो म्हणाला, "काका, हितं सांगून काय उपेग? मालक चार माणसांत बोलले व्हते. माझी माय परवा पीठ दळायला गेली, तर बायका तिला इचारत्यात, तुझ्या पोरानं किती रॉकेल घातलं म्हणून. बोलायचं तर तिथं बोला."

कामावर परत येण्याबद्दल तो काहीच बोलला नाही.

दादाला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. माणूस तापट, आणि गावात मानाचा. पण बाजारच्या दिवशी सकाळी त्याने धुतलेला सदरा घातला, करदोट्याची किल्ली सोडून खिशात टाकली आणि पारासमोरच्या हॉटेलात जाऊन बसला. मीही गेलो. हॉटेल भरलेले होते. दादाने चहा मागवला, पण प्यायला नाही. उभा राहून तो म्हणाला, "माझ्या गाडीत रॉकेल नव्हतं. कधीच नव्हतं. झाकणाला भोक नव्हतं. पोरानं मला ते सांगितलं व्हतं, म्या ऐकलं नाही. त्याची चुकी काहीच नव्हती." आणि त्याने ते चकचकीत झाकण टेबलावर ठेवले. लोकांनी ते हातात घेऊन पाहिले, एकाने फुंकून पाहिले. मी म्हटले, "ते मी आणलं होतं, पुण्याहून." त्यावर थोडे हसू झाले. पण ते दादासाठी नव्हते, माझ्यासाठी होते, आणि मला ते बरे वाटले.

पाऊस जूनमध्ये आला. ३१० पैकी १९० झाडे वाचली. बाकीची त्या मधल्या दिवसांच्या अडचणीत आणि उरलेल्या उन्हात गेली. पोरगा आमच्याकडे कामाला परत आला नाही. टँकरवर त्याला पैसे जास्त मिळत होते, आणि ते बरोबरच होते.

पण बाजारच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ मला आठवते. मी पुण्याला निघायच्या आधी दादाबरोबर पहिल्या खेपेला गेलो होतो. सहा वाजले होते. विहिरीवर नेहमीप्रमाणे रांग होती आणि पाइपाखाली पहिला नंबर त्याच्या टँकरचा होता. त्याने आरशात आमची पिकअप पाहिली. दादाने हॉर्न वाजवला नाही, पोरानेही खाली उतरून काही म्हटले नाही. त्याने टँकर सुरू केला, हळूहळू दोन हात पुढे घेतला, आणि आमच्या गाडीला पाइपाखाली जागा करून दिली.